राज्यक्रांती आणि चित्रकाराचा कुंचला

राज्यक्रांती झाली म्हणजे सिंहासने उलथतात, कायदे बदलतात, हे सर्वांना ठाऊक असते. पण चित्रकाराच्या कुंचल्यालाही तिची झळ लागते, याकडे सहसा लक्ष जात नाही. या दृष्टीने फ्रान्सचा इतिहास बोधप्रद आहे.

क्रांतीपूर्वी तेथील सरदारघराण्यांना नाजूक, विलासी चित्रे प्रिय होती. फ्रागोनारच्या एका प्रसिद्ध चित्रात गर्द झाडीत झोके घेणारी तरुणी दिसते. तिचे गुलाबी वस्त्र फुलले आहे आणि पायातील पादत्राण हवेत उडाले आहे. उद्याची चिंता नसलेल्या वर्गाची ही कला!

ही शैली क्रांतीने बुडविली, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. जाक लुई दाविद याने ‘होरेशियस बंधूंची शपथ’ हे चित्र १७८४ साली रोममध्ये रंगविले, आणि तेही सोळाव्या लुईच्या दरबाराच्या सांगण्यावरून. उघड्या दगडी कमानी, सरळ रेषा, पित्याच्या हातातील तलवारींकडे हात उभारलेले तिघे बंधू आणि एका बाजूस शोकाकुल स्त्रिया! प्राचीन रोमचा हा आदर्श क्रांतीच्या आधीच चित्रकारांना मोहवीत होता. १७८९ साली क्रांती झाली आणि लोकांना त्याच चित्रात स्वातंत्र्याची शपथ दिसू लागली. शैली आधी जन्मली. क्रांतीने तिला अर्थ दिला.

पुढे दाविद स्वतः प्रतिनिधी झाला आणि १७९३ च्या जानेवारीत त्याने राजाच्या देहदंडाच्या बाजूने मत दिले. त्याच वर्षी १३ जुलैस क्रांतिकारक मारा याची स्नानाच्या टबात हत्या झाली. दाविदने त्याचे चित्र काढले : लोंबकळणारा हात, बोटांत लेखणी, वर रिकामी काळोखी भिंत. तो हात पाहताच क्रुसावरून उतरविलेल्या ख्रिस्ताच्या देहाची आठवण होते. ज्या वर्षी पॅरिसमधील चर्चे बंद करण्यात आली, त्याच वर्षी क्रांतीच्या हुतात्म्याला पावित्र्य देण्यासाठी धर्मचित्रांचाच आधार घ्यावा लागला! आणि इतरांची मस्तके मागणारी माराची लेखणी येथे निरागस भासते. कलेचे सामर्थ्य ते हेच, आणि तिचा धोकाही हाच.

१७९४ साली रोबेस्पिएर पडला आणि दाविद तुरुंगात गेला. नंतर त्याच हाताने नेपोलियनचा राज्याभिषेक रंगविला. समारंभास नसलेली नेपोलियनची माताही त्याने चित्रात बसविली! राजेशाही परतल्यावर तो ब्रुसेल्सला गेला व १८२५ साली तेथेच वारला.

मग क्रांतीने कलेला कायमचे काय दिले? १० ऑगस्ट १७९३ रोजी लूव्र राजवाड्यातील संग्रहालय जनतेसाठी खुले झाले. आश्रयदाते गमावलेल्या वृद्ध फ्रागोनारला तेथे काम मिळाले, ते दाविदच्याच साहाय्याने. राजाने करवून घेतलेली ती शपथ आज त्याच लूव्रमध्ये आहे. चित्र कोणाचे गुणगान करते, हे सत्ताधारी ठरवीत आले. परंतु ते खरे की खोटे, हे ठरविण्याचा अधिकार क्रांतीने सामान्य प्रेक्षकाच्या हाती दिला. तो बजावण्यास डोळस मन मात्र हवे.