हत्याराचे पाणी सांभाळा

मंडळी, मी सुताराच्या घरचा. पुढे मास्तर झालो, पण रंधा सोडला नाही. आज धार लावायच्या यंत्राविषयी दोन शब्द सांगतो.

माझ्याजवळ वडिलांची एक पटाशी होती. एकदा घाईत ती विजेच्या चाकावर धरली. ठिणग्या उडाल्या. मला मौज वाटली. पाहतो तो काय, टोक निळं पडलेलं! पटाशीचे पाणी उतरले. मग सागावरही तिची धार टिकेना. निळा भाग घासून काढला. पटाशी अर्धा इंच आखूड झाली.

असं का झालं? विजेचे साधे यंत्र मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेते. घासून पोलाद तापते. साधे पोलाद सुमारे ३०० अंशांवर निळे होते आणि मऊ पडते.

म्हणून यंत्र घेताना तीन गोष्टी विचारा.

फेरे किती? सुमारे १,४०० फेऱ्यांचे मिळाले तर बरे.

चाक कसले? पांढरे, ६० ते ८० नंबरचे घ्या. ते पोलाद कमी तापवते.

हत्यार टेकवायचा टेकू पक्का आहे का? टेकू हलला की धार वाकडी येते.

काम थोडे असेल तर हाताने फिरवायचे चाकही पुरते.

हत्यार चाकावर क्षणभरच टेकवा. बोटाला चटका बसण्याआधी पाण्यात बुडवा. डोळ्यांना चष्मा लावा. शेवटची धार मात्र निसण्यावरच काढा.

एकट्याला खर्च झेपत नाही? चौघे मिळून एकच यंत्र घ्या, पण चांगले घ्या.