एका राँग नंबरची गोष्ट



रहस्यकथा आपण वाचतो. आज एका ऐकायच्या रहस्यकथेविषयी बोलणार आहे. २५ मे १९४३ रोजी अमेरिकेत सी. बी. एस. नभोवाणीच्या ‘सस्पेन्स’ मालेत अर्ध्या तासाची एक श्रुतिका झाली. नाव ‘सॉरी, राँग नंबर’, लेखिका ल्यूसिल फ्लेचर. बोलणारी मुख्यतः एकच बाई, अ‍ॅग्नेस मूरहेड.

न्यूयॉर्कमधली एक श्रीमंत, अंथरुणाला खिळलेली स्त्री रात्री घरात एकटी आहे. नवऱ्याच्या कचेरीचा फोन सारखा ‘एंगेज’ लागतो. ऑपरेटरला सांगून पुन्हा लावते, तो लाइनीत लाइन मिसळते. आपल्याकडे असे झाले की घटकाभर फुकटची करमणूक होई. हिला मात्र ऐकू येतो खुनाचा बेत! सव्वाअकराला पुलावरून गाडी जाते, तिच्या खडखडाटात बाईची किंकाळी बुडून जाईल.

मग ती ऑपरेटरला, पोलिसांना, इस्पितळाला विनवते. सगळे अदबीने बोलतात, नियम सांगतात. पोलीस विचारतो, एवढ्या मोठ्या शहरात कोणती बाई, कोणता पूल? त्याचे तरी काय चुकले? पण तेवढ्यात फोनवरूनच नवऱ्याची तार येते की, मी बोस्टनला निघालो आहे. आणि तो बेत कुणासाठी होता, हे आपल्या हळूहळू ध्यानात येऊ लागते.

आता गंमत पाहा. ही बाई मुळीच गोड नाही. किरकिरी, हुकूम सोडणारी, पैशाचा तोरा मिरवणारी. आजारी मुलासाठी दूध आणायला दुकानात गेल्या असताना अशाच एका तुसड्या बाईशी गाठ पडली, त्यातून हे पात्र सुचले, असे लेखिकेने सांगितले आहे. ऐकताना आपणही वैतागतो. मनात येते, पुरे की आता! म्हणजे त्या ऑपरेटरच्या ओळीत आपणही जाऊन बसलो. ती गोड असती तर आपण केव्हाच तिच्या बाजूचे झालो असतो, आणि मग या नाटकात उरले काय असते? मला तर खरी भीती इथेच वाटते.

साधने किती थोडी! डायल फिरल्याचा आवाज, ‘एंगेज’ची घरघर, शेवटी गाडी. प्रक्षेपण जिवंत, चुकले तर चुकले. तसे झालेही. पहिल्या रात्री शेवटी एका नटाची वेळ चुकली, श्रोते गोंधळले, आणि २१ ऑगस्टला श्रुतिका पुन्हा करावी लागली. पुढे मूरहेडबाईंनी ती कित्येकदा केली. १९४८ साली चित्रपटही निघाला. त्यात काम बार्बरा स्टॅनविकचे. पण तिथे घर दिसते, नवरा दिसतो. श्रुतिकेत मात्र काळोख ज्याचा त्याच्या घरातला, आणि फोनही.

शेवटी गाडी येते, किंकाळी तिच्यात बुडते. लाइनीवर पोलीस “हॅलो, हॅलो” करतो आहे. एक पुरुषी आवाज शांतपणे त्याची माफी मागतो, राँग नंबर लागला म्हणून, आणि रिसीव्हर खाली ठेवतो.