निकालानंतरची संध्याकाळ



फौजेत असताना काही वेळा मी कोर्ट मार्शलवर सदस्य म्हणून बसलो. निकाल देणं त्यामानाने सोपं होतं. त्याच संध्याकाळी मेसमध्ये आरोपीच्या मित्रांशेजारी बसून जेवणं मात्र जड जायचं. आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे, त्यांनी अशा संध्याकाळी वर्षानुवर्षं काढल्या.

फ्रँक जॉन्सन. जन्म १९१८, अमेरिकेतलं अलाबामा राज्य. दुसऱ्या महायुद्धात पायदळाचे अधिकारी. नॉर्मंडीत लढले, दोनदा जखमी झाले. १९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना माँटगोमेरीत फेडरल, म्हणजे केंद्रीय न्यायव्यवस्थेतले न्यायाधीश नेमलं.

पुढच्याच वर्षी बसचा खटला आला. काळ्या प्रवाशांना वेगळं बसवणारा कायदा घटनेविरुद्ध आहे, असा निकाल तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी दिला. त्या दोघांत जॉन्सन होते. सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

मार्च १९६५. मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून निघालेल्या मोर्चाला पोलिसांनी पुलावर झोडपून काढलं. दोनच दिवसांनी लोक पुन्हा निघणार होते. जॉन्सन यांनी तात्पुरती मनाई केली. आधी पुरावा ऐकायचा होता. ऐकून झाल्यावर १७ मार्चला परवानगी दिली. अन्याय जेवढा मोठा, तेवढा निषेधाचा हक्कही मोठा, हे त्यांचं सूत्र. पण अटही घातली: रस्ता अरुंद होतो तिथे तीनशेहून जास्त माणसं नकोत. कुणाची बाजू घेणारा माणूस असा वागत नाही.

याची किंमत? अंगणात जळता क्रूस. १९६७ मध्ये आईच्या घरावर बॉम्ब; सुदैवाने त्या बचावल्या. गव्हर्नर जॉर्ज वॉलेस कायद्याच्या वर्गातले जुने सोबती, तेच जाहीर सभांतून शिव्याशाप देत होते. घराभोवती वर्षानुवर्षं पहारा. तरी जॉन्सन यांनी माँटगोमेरी सोडलं नाही. १९९२ मध्ये तिथल्याच न्यायालयाच्या इमारतीला त्यांचं नाव दिलं गेलं. १९९९ मध्ये ते वारले.

मंडळी, सीमेवर शत्रू समोर असतो आणि गाव पाठीशी. जॉन्सन यांच्यासमोर त्यांचंच गाव उभं होतं. आपण कुणी सोसायटीच्या कमिटीवर असतो, कुणी शाळेच्या. उद्या सकाळी दूध आणायला त्याच गल्लीतून जायचं आहे, हे ठाऊक असताना खरं तेच बोलता येईल का? मला प्रत्येक वेळी जमलं, असं मी म्हणणार नाही. तुम्ही स्वतःला विचारून बघा.

जय हिंद.