किल्ली हरवलेला खण

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आपल्या कार्यवाहबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, अहो, माझं शिक्षण सातवीपर्यंत, मी काय बोलणार? तर त्या म्हणाल्या, त्या दिवशी शेजारच्या काकूंचा खण उघडून दिलात ना, तेच सांगा. माझे वडील सुतारकाम करीत. त्यांच्या हाताखाली पटाशी-करवत देता देता जे पाहिलं, तेवढंच माझं भांडवल.

आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी सासऱ्यांच्या किंवा आजेसासऱ्यांच्या वेळचं सागवानी नाहीतर शिसवी टेबल असेल. त्याचा एखादा खण वर्षानुवर्षं बंद असतो. किल्ली कुठं गेली ते कोणालाच ठाऊक नसतं. मग एक दिवस घरातला कोणी पुरुष उठतो आणि फटीत सुरी घालतो. एवढं मात्र करू देऊ नका. दाराचं लॅच सुरीनं मागं सरतं, कारण त्याला स्प्रिंग असते. खणाच्या कुलपाची जीभ किल्लीनंच वरखाली होते, सुरीला ती दाद देत नाही. सुरी मोडते, नाहीतर खणाच्या वरची कड फुटते. आणि शंभर वर्षांच्या सागवानाची फुटलेली कड जोडली तरी दिसतेच.

पहिल्यांदा खण खरोखर कुलूपबंद आहे का ते पाहा. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं. खणाच्या वरच्या फटीतून लग्नपत्रिकेचा जाड कागद एका टोकाकडून दुसरीकडे सरकवत न्या. मधोमध कुलपापाशी अडला, तर जीभ वर आहे. सरळ निघून गेला, तर कुलूप नाही, लाकूडच अडलंय. मग दिवाळीपर्यंत थांबा! हवा कोरडी झाली की खण आपोआप ढिला होतो. बाहेर आला की त्याच्या खालच्या कडांना मेणबत्ती घासा.

कुलूप असेल तर आधी घरातल्या सगळ्या जुन्या किल्ल्या गोळा करा. एकाच टेबलाच्या सगळ्या खणांना पुष्कळदा एकाच किल्लीची कुलपं असतात. बॅटरीनं भोकात पाहा. मध्ये बारीक खिळ्यासारखी दांडी दिसली तर पोकळ नळीची किल्ली हवी. भरीव किल्ल्या लावत बसण्यात अर्थ नाही. आणि भोकात खोबरेल तेल ओतू नका, ते आत चिकट होऊन बसतं. पेन्सिलीचं शिसं किल्लीवर घासलं तर पुरे.

आता खरी युक्ती. कुलूप खणाच्या दर्शनी फळीला आतल्या बाजूनं, खाच पाडून, तीन-चार स्क्रूंनी बसवलेलं असतं. त्याची जीभ वरच्या आडव्या पट्टीत शिरते. म्हणजे आतून स्क्रू काढले, की कुलूप पट्टीला अडकलेलं राहतं आणि खण त्याला मागं टाकून पुढं येतो. कुलूप उघडावंच लागत नाही! प्रश्न एवढाच, की आत हात कसा घालायचा. वरचा खण उघडा असेल तर तो पूर्ण काढून घ्या. मध्ये आडवी फळी नसेल तर वरून हात जातो. फळी असेल तर टेबल भिंतीपासून ओढून पाठ पाहा. पाठीच्या फळ्या बहुधा पातळ, खिळ्यांनी किंवा स्क्रूंनी मारलेल्या असतात.

आमच्या कोकणातल्या घरी २०१६ साली हे करावं लागलं. सासूबाई वारल्या, आणि त्यांच्या टेबलाचा मधला खण बंद होता. सासूबाईंच्या चार पाटल्या कुठं दिसेनात. माझ्या मधल्या जाऊबाईंनी त्यांची अकरा वर्षं सेवा केली. बोट त्यांच्याकडेच वळलं. तोंडावर कोणी म्हणत नव्हतं, पण त्या स्वयंपाकघरात शिरल्या की बोलणं थांबत असे. थोरले भाऊजी तर पहार घेऊनच निघाले. मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही एकट्यानं फोडलात तर आत जे असेल-नसेल त्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. सगळ्यांना बसवा. वन्संनाही बोलवा.

दुसऱ्या दिवशी सगळी बसली. भाचीनं मोबाईलवर चित्रण केलं. मी वरचा खण काढला, मध्ये फळी नव्हती. आखूड स्क्रू-ड्रायव्हरनं एकेक स्क्रू सोडवला. गंजलेला स्क्रू आधी किंचित आवळायचा, मग सोडवायचा, हे वडिलांचं सांगणं. पाऊण तास गेला. मी एका हातानं कुलूप धरून ठेवलं आणि खण ओढायला मुद्दाम जाऊबाईंना सांगितलं.

पाटल्या नव्हत्याच. औषधाच्या चिठ्ठ्या, पोस्टाचं पासबुक, आणि एका पाकिटात सोनाराची पावती होती. चार पाटल्या विकल्याची, १९८७ सालची. थोरल्या भाऊजींना इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला ते साल. भाऊजींनी पावती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि ओसरीवर जाऊन बसले. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. चहा टाकायला उठल्या, तेव्हा वन्सं त्यांच्या मागोमाग गेल्या.

असो. राहिलेलं सांगते. ज्याचा खण आहे त्याच्या संमतीवाचून हात लावू नये. वाटणी व्हायची असेल तर सर्व वारसांसमोरच उघडावा. खण कुठूनच पोचत नसेल तर जाणता सुतार गाठावा, भोकात ड्रिल मारू देऊ नये. काढलेलं कुलूप टाकू नका. किल्ली करणाऱ्याकडे नुसतं कुलूप नेलं की तो ते उघडून आतल्या पट्ट्यांप्रमाणे किल्ली घडवतो. दोन करून घ्या, आणि दुसरी कुठं ठेवलीय ते घरात निदान एकीला सांगून ठेवा. कुलूप परत लावताना जुनेच स्क्रू वापरा. नवे जाड स्क्रू त्या भोकात मारले तर फळी चिरते.

काकूंच्या खणात काय निघालं ते मात्र विचारू नका, ते त्यांनी सांगायचं. हळदीकुंकवाची वेळ झाली आहे.