मोतीबिंदूचा छेद आणि दृष्टीचा नेमकेपणा



१९६९ साली सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली आणि वर्धा जिल्ह्यातील खेड्यांच्या आरोग्यसेवेला वैद्यकीय शिक्षणाची जोड मिळाली. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया किती झाल्या, याची नोंद ठेवली जाते. परंतु सुईत दोरा ओवता येतो का, सातबारा वाचता येतो का, ही खरी कसोटी होय.

डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्यास स्वच्छमंडल म्हणतात. त्याचा उभा व आडवा गोलावा भिन्न झाला, की किरण एका बिंदूवर येत नाहीत आणि अक्षरे पसरट दिसतात. हेच दृष्टिवैषम्य. चष्म्याच्या दुकानात त्याला सिलिंड्रिकल नंबर म्हणतात.

पूर्वी १० ते १२ मिलिमीटरचा छेद घेऊन टाके घालीत. टाका घट्ट बसला, की त्या रेषेतील गोलावा वाढे. लहान छेदाच्या पद्धतीत श्वेतपटलात ६ ते ७ मिलिमीटरचा बोगदा करतात; टाके बहुधा लागत नाहीत. तथापि जखम किंचित सैलावते आणि छेदाला काटकोनात असणारा गोलावा सपाट होतो.

येथे छेदाचा आकार महत्त्वाचा ठरतो. स्वच्छमंडलाच्या कडेला समांतर वळणाऱ्या छेदाची खालची कड अधिक ढळते. उलट वळणाच्या किंवा व्ही आकाराच्या छेदाची टोके कडेपासून दूर राहतात. त्यामुळे खालच्या कडेला आधार मिळतो व दृष्टिवैषम्य कमी येते. जागाही तितकीच महत्त्वाची. उतारवयात उभा गोलावा बहुधा आपोआपच सपाट होत जातो. वरच्या बाजूचा छेद त्यात भर घालतो. कानशिलाकडील छेद तोल सावरतो. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी गोलाव्याचे मापन आवश्यक असते.

छेद कसा घ्यावा, हे शल्यचिकित्सक ठरवील. मात्र जखम स्थिरावल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी, नंबर तपासून चष्मा घेणे गावाच्या सहकार्याविना अवघड आहे. आर्वी, कारंजा वा समुद्रपूर तालुक्यातील वृद्धाला पुन्हा रुग्णालयात यायचे, तर सोबत लागते. ती न मिळाल्यास दृष्टी अधुरी राहते, दोष शस्त्रक्रियेला दिला जातो आणि शेजारची वृद्धा डोळा दाखवावयास कचरते. ग्रामपंचायतीने शस्त्रक्रियेच्या यादीसमोर फेरतपासणीचा एक रकाना ठेवावा आणि तो भरेपर्यंत काम पूर्ण झाले असे मानू नये.