बांध बायकांनी घातले, जमीन कुणाची?



मृदसंधारण हा शब्द ऐकला की वाटतं, हे शेतकी खात्याचं काम, आपला काय संबंध? पण समतल बांध, नालाबांध, पाझर तलाव यांची माती घमेल्यातून वाहिली कुणी? रोजगार हमीच्या कामावर बायकाच बायका असत, हे तुमच्यातल्या कितीतरी जणींनी स्वतः पाहिलंय.

वि. स. पागे यांची ही कल्पना 1972 च्या दुष्काळात राज्यभर पसरली. मग 1977 चा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पैशाची सोयही कायद्यानेच केली. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापतात ना, तो 1975 साली बसवला तो यासाठीच. असे कर जमतील तितकीच भर सरकारने घालायची. म्हणून बाई ताठ मानेने काम मागू शकली. पंधरा दिवसांत काम नाही तर भत्ता. (भत्ता सुरुवातीला रोजचा 1 रुपया, तेही सांगायला हवं!)

पण तलावात पाणी साठलं ते खालच्या विहिरींना पाझरलं. विहीर ज्याची जमीन त्याची. 1990 पासून फळबाग लागवड या योजनेला जोडली, तेव्हा हमीचा पैसा थेट खाजगी शेतात गेला. खड्डे खणणारीला मजुरी मिळाली, झाडं मालकाची झाली. जमीन सुधारली त्यात वाईट काही नाही. पण भूमिहीन बाई काम संपल्यावर होती तिथेच राहिली.

सरकार जमीन विकत घेऊन देऊ शकतं का? शकतं. 2004 पासून दादासाहेब गायकवाडांच्या नावाची सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला 4 एकर जिरायत किंवा 2 एकर बागायत. विधवा, परित्यक्तांना प्राधान्य, एरवी जमीन नवरा-बायको दोघांच्या नावे. आधी निम्मी रक्कम कर्ज होती, 2018 पासून पूर्ण अनुदान मिळतं.

मग अडतं कुठे? एक तर मालक राजीखुशीने विकेल तरच जमीन, आणि दराला सरकारची मर्यादा. चांगली जमीन त्या दरात कोण देईल? दुसरं, हा शासन निर्णय आहे, कायदा नव्हे. कामासाठी कायदा आणि स्वतंत्र निधी होऊ शकतो, तर जमिनीसाठी का नको? ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर एकल बायकांचे अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात भरून द्या, पोच घ्या. खरेदी होईल त्या दिवशी बाईला सोबत न्या. आणि सातबारा हातात आला की त्यावर तिचं नाव आहे का, ते तिथेच वाचून घ्या.