चाल एक, मुलूख अनेक



29 एप्रिल 2016 ला ‘सैराट’ लागला आणि त्या लगीनसराईत ‘झिंगाट’ वाजल्याशिवाय वरात मारुतीच्या देवळापासून हलेना. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळ्याकडचे, म्हणजे आपल्या परंड्याचे शेजारीच. त्यांच्या सिनेमातली बोली आपल्याला कुणी समजावून सांगावी लागली नाही. ती गाणी पुढं परमुलखात गेली, तिथं त्यांचं काय झालं, ते आज सांगायचं आहे.

2017 मध्ये कन्नडमध्ये ‘सैराट’चा ‘मनसु मल्लिगे’ झाला. नायिका पुन्हा रिंकू राजगुरू, संगीत पुन्हा अजय-अतुल यांचं. उमरगा-मुरूमकडं ज्यांच्या घरात दोन्ही भाषा नांदतात, त्यांनी ही गाणी एकापाठोपाठ एक जरूर ऐकावीत. 2018 मध्ये हिंदीत त्याचाच ‘धडक’ झाला. कथा उदयपूरला गेली, शब्द अमिताभ भट्टाचार्य यांनी लिहिले. ‘याड लागलं’चं ‘पहली बार’ झालं; गळा मात्र दोन्हीकडं अजय गोगावले यांचाच. चाल तीच, आवाज तोच, तरी हिंदी गाणं मला परकं वाटतं. मराठीत गाण्यातला पोरगा तोंड उघडतो तेव्हाच त्याचं गाव कळतं, त्याची भीड कळते. हिंदीत प्रेम तेवढं उरलं, गाव सुटलं.

‘झिंगाट’ मात्र हिंदीतही नाचवतं, कारण ते ठेक्यावर उभं आहे. आपली बेंजो पार्टी तर शब्द पार काढूनच टाकते. बेंजोवर नुसती चाल वाजते, खाली ढोल-ताशा, आणि म्हातारी माणसंसुद्धा मांडवाबाहेर येतात.

एकच चाल जागा बघून बदलणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. तुळजाभवानीचे कदमराई गोंधळी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. संबळाची दोन भांडी एकमेकांना बांधून पोटाशी अडकवलेली, एका काडीचं टोक वळवलेलं. जाड आवाजाच्या भांड्यावर ती पडली की घुमारा निघतो. शेजारी तुणतुणं, पुढं दिवटी. चौक मांडला की गावोगावच्या देवांना आवतण जातं, मग यजमानाचं कुलदैवत, मग आख्यान. सांगाडा ठरलेला, पण कुठं थांबायचं, कुठं यजमानाच्या घरचं नाव गुंफायचं, आख्यान पहाटेपर्यंत कसं खेचायचं, हे ज्या त्या पार्टीचं. शेजारच्या दोन घरांत एकसारखा गोंधळ होत नाही, आणि कुणी त्याला नक्कल म्हणत नाही. मला तर त्यातच गोंधळ्याची खरी विद्या दिसते.

पण चाल न विचारता उचलली की काय होतं, त्यासाठी आता बोलिव्हियाची गोष्ट ऐका. लोस क्यार्कास या मंडळींनी 1981 मध्ये ‘ल्योरांदो से फुए’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. 1989 मध्ये फ्रान्समधल्या काओमा या वाद्यवृंदानं ती चाल त्यांना न विचारता उचलून ‘लंबाडा’ केला, तो जगभर वाजला. 1990 मध्ये आपल्याकडच्या ‘घायल’ या हिंदी सिनेमातही ती चाल आली. मूळ गाणारे भांडले आणि त्यांना भरपाई मिळाली, कारण तबकडीवर त्यांची नावं होती.

आपल्या गोंधळ्यांची नावं कोणत्या तबकडीवर आहेत? देवीच्या दारची ही गायकी सिनेमात गेली, ‘जोगवा’च्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण संबळावरचा तो हात कुणाचा, कोणत्या गावचा, कुणाकडून शिकलेला, हे टिपून ठेवणं आपल्या हातात आहे. येत्या नवरात्रात तुळजापुरात गोंधळ होतील. इथल्या महाविद्यालयांतल्या पोरांच्या खिशात फोन आहेत. गोंधळ्यांची परवानगी घेऊन पूर्ण आख्यान मुद्रित करा, आणि सुरुवातीला त्यांच्याच तोंडून त्यांचं नाव, गाव आणि गुरूचं नाव वदवून घ्या.